त्याने न लिहिलेली नदी

लढाईच्या दिवसांत कर्जतला माझं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, चार बाकडी आणि एक शेगडी. पण गावात चार माणसं जमायची तर माझ्याकडेच. एकादशीचं भजन माझ्याकडे, मुंबईहून आलेल्या वर्तमानपत्राचं वाचन माझ्याकडे. साखर मिळेना तेव्हा गुळाचा चहा ढोसून लोक बसायचे, आणि त्याचा मला केवढा तोरा!

बाजाराच्या दिवशी पत्रवाचन असायचं. आसपासच्या गावांतली पोरं पलटणीत गेली होती. त्यांची पत्रं माझ्या हॉटेलच्या पत्त्यावर यायची, कारण आडगावात टपालवाला कधी जाईल याचा भरवसा नव्हता. बाजाराला आलेल्या आया-बहिणी भिंतीकडेला बसायच्या आणि मी गल्ल्यावरून उठून, चष्मा पुसून, सगळ्यांसमोर वाचायचो. अमक्याचं पत्र चारचौघांत का वाचावं, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एकाचा पोरगा तो सगळ्यांचा पोरगा.

भिवपुरीकडच्या एका विधवा बाईचा एकुलता एक मुलगा लढाईवर होता. तिला मी मावशी म्हणायचो. त्याची पत्रं म्हणजे अगदी मिळमिळीत. ‘मी खुशाल आहे. लंगरात चपात्या लाटतो. थंडी फार आहे. आईने काळजी करू नये.’ संपलं. पहिलं पत्र वाचलं तर एक म्हातारा म्हणाला, “हात्तिच्या! येवढंच?” आणि लोक उठायला लागले. मला ते झोंबलं. वाचणारा मी आणि लोक उठतात म्हणजे काय!

पुढच्या पत्राला मी मीठमसाला लावला. आधी चिमूटभर. मग हात सैल सुटला. चपात्या गेल्या, बंदूक आली. एका पत्रात तर मी त्याला पुराच्या नदीतून जखमी साहेबाला खांद्यावर घेऊन पलीकडे नेलं. एकही माणूस बाकड्यावरून उठला नाही. मावशी पदर तोंडाला लावून रडत होती. “माजा वाघ गं, माजा वाघ!” त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

पत्रं ती माझ्याकडेच ठेवायची. घरात उंदीर फार, म्हणायची.

लढाई संपली, पोरगा सुखरूप परत आला. मी त्याचा सत्कार ठरवला होता, त्याच्या आदल्या दिवशी तो हॉटेलात येऊन भेटला. त्याच्या हातात पत्र्याची एक पेटी होती. लोधिवलीचा एक मित्र पलटणीत त्याच्याबरोबर होता. हा निरक्षर, म्हणून ह्याची सगळी पत्रं तोच लिहायचा. शेवटी तापात गेला. “माज्या हातांत गेला वो भाऊ. ही त्याची पेटी. परवा मी सोता जातो, त्याच्या आईच्या पायावर डोकं ठेवतो,” तो म्हणाला आणि घळाघळा रडला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी सत्काराच्या हाराची ऑर्डर द्यायच्या गडबडीत.

सत्कार अर्थातच मीच ठेवलेला. बाकडी जोडून त्याला वर बसवला, हार घातला. शाळेतले मास्तर म्हणाले, “आता तो नदीचा प्रसंग तुझ्या तोंडून होऊन जाऊ दे.”

“कंची नदी?” तो म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, लाजतोय. मास्तरांनी साहेबाची, खांद्याची आठवण दिली. पोरगा बावचळला. “मास्तर, मी चपात्या लाटायचो. बंदूक नाय बा धरली कदी.”

मग जे हसू उठलं ते वेगळं होतं. “मग पत्रातून थापा मारत व्हतास का रं? आईलाबी सोडलं नाय?” कुणीतरी ओरडलं. त्याचं तोंड लालबुंद झालं. मावशी भिंतीपासून उठली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “भाऊ, तुमी वाचलंत तसंच व्हतं ना कागदात?”

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. याचीच तर मला हौस होती.

“होतं तसं वाचलं, मावशी,” मी म्हणालो.

पोरगा गळ्यातला हार काढत म्हणाला, “मला कुटं लिवता येतंय? त्या लोधिवलीच्यानं घातलं आसंल. मी भाऊ म्हनत व्हतो त्याला. माज्या आईम्होरं माजं नाक कापलं त्यानं.” आणि मी, गाढव, मान खाली घालून कपबश्या विसळत राहिलो.

पत्रं दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडीत घातली. मास्तरांना वाचता येत होतं ना.

तो लोधिवलीला गेला नाही. पेटी माझ्या गल्ल्यापाशी आणून आपटली. “जानाऱ्या कुनाच्या हातानं धाडा,” म्हणाला. कुणाच्या हातानं धाडायचा मला धीर होईना. चौक गावापर्यंत बैलगाडीने गेलो, पुढे लोधिवलीपर्यंत चालत.

कर्जतला पत्रं वाचून दाखवणारा तो मीच, अशी ओळख दिली. त्या माउलीने पेटी उघडली. घोंगडी, कंगवा, टाक, अर्धी दौत. एकेक वस्तू तिने हाताने चाचपली आणि विचारलं, “त्यो दोस्त का नाय आला? त्याची वाट बगत व्हते मी.”

“आजारी आहे,” मी म्हणालो. एवढं खोटं बोललेल्या माणसाला आणखी एक काय जड!

“तुमी वाचायचात ना माज्या ल्योकानं लिवलेलं?” ती म्हणाली. “मला वाचता येत नाय. कसं लिवायचा वो त्यो?”

घरात आम्ही दोघंच होतो.

“मावशी, सांगितलं तेवढंच लिहायचा,” मी म्हणालो. “पदरचं एक अक्षर घालायचा नाही.”

ती समाधानाने हसली. कर्जतला मात्र मी हे कधीच कुणाला सांगितलं नाही.