आमदारांच्या टेबलावर काळी सीताफळं

हीना आमच्या धारूरची. वडील चाँदभाई माझ्या दुकानाशेजारी फळांचा गाडा लावतात आणि मुलगी सीताफळाच्या रोगावर संशोधन करते, त्यामुळे दोघांचं रोज वाजतं. ते फळ विकायचं बघतात, ती ते कापून आत बुरशी शोधते. "गिऱ्हाईकासमोर तरी कापू नको गं," असं त्यांनी तिला हात जोडून सांगितलंय.

बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं काही वर्षांपासून झाडावरच काळी पडून वाळायला लागली. रोगातही तग धरलेल्या झाडांची कलमं हीनानं संशोधन केंद्रात वाढवली होती. ती फळाला यायला अजून दोन हंगाम हवे होते आणि प्रकल्पाचा निधी मार्चमध्ये संपत होता. निधी संपला की मजूर जाणार, पाणी बंद होणार, कलमं वाळणार. इतकी सरळ गोष्ट आमदारांना कशी कळत नव्हती?

कळणार कशी! दरवर्षी दिवाळीच्या सुमारास केंद्रातली शास्त्रज्ञ मंडळी निधी मागायला आमदारांकडे जायची. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून केंद्रातली सगळ्यात देखणी सीताफळं पाटीत रचून न्यायची. आमदार एक फोडून खायचे, बोटं चाटायचे आणि म्हणायचे, "वा! लई भारी चाललंय की तुमचं." मंडळी खूश होऊन परत. भारी चाललेल्या कामाला वर आणखी पैसे कोण देतो? मला तर आजही याचा संताप येतो.

यंदा पाटी हीनानं भरली. डोंगरातली काळी, दगडासारखी फळं. केंद्रप्रमुख डॉ. सोमेश्वर यांचा चेहराच उतरला.

"मॅडम, सणासुदीला असली फळं? अपमान वाटेल त्यांना."

"वाटू द्या, सर. गोड खाऊन आजवर काहीच वाटलं नाही."

वाटेत तिनं साखराबाईंना गाडीत घेतलं. साखराबाई डोंगरात शेळ्या राखतात आणि हंगामात सीताफळं तोडून चाँदभाईंना विकतात. सोमेश्वर सरांनी कपाळाला हात लावला. शास्त्रज्ञांच्या बैठकीत यांचं काय काम?

"कलमांना मत नसतं, सर," हीना म्हणाली. "यांच्या वाडीला आहे."

आमदारांनी सवयीनं पाटीत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"हे काय आणलंय?"

"तुमच्या मतदारसंघातलं फळ, साहेब."

"आन् दरसालचं?"

"ते आमी निवडून आणायचो. डोंगरात हे हाय," हीना म्हणाली.

साखराबाई मध्येच बोलल्या, "औंदा माज्या पाटीला गिऱ्हाईक न्हाई, साहेब. ही पोर विलाज काढायली, तर तिच्या झाडाचं पाणी कावून तोडायलात?"

आमदारांचा आवाज चढला. "मॅडम, सरकारी नोकरीत हाय तुमी. असली तऱ्हा बरी न्हाई. बदली व्हायला वेळ लागत नसतो."

सोमेश्वर सर दाराकडे सरकले. भीती होतीच, पण चीड त्याहून मोठी होती, असं हीनानं मला नंतर सांगितलं.

"करा बदली," ती म्हणाली. "माझ्या जागी येईल त्याला बी डोंगरात हीच फळं मिळतील. पुढच्या साली तो बी हीच घेऊन येईल. किती जणांची बदली कराल, साहेब?"

आमदारांनी एक काळं फळ उचलून टेबलावर आपटलं. ते फुटलं नाही. त्यांनी ते परत पाटीत टाकलं आणि साखराबाईंकडे पाहिलं.

"दोन हंगामांचा निधी, एवढंच ना?" ते शेवटी म्हणाले. "अधिवेशनात प्रश्न लावतो. काय इचारायचं ते सांगा."

हीनानं उभ्या उभ्या सांगितलं, त्यांच्या सहायकानं लिहून घेतलं. काम झालं तसे आमदार खुलले. "चला, एक फोटो होऊ द्या," म्हणत सदरा सारखा करून मध्ये उभे राहिले. सोमेश्वर सर लगबगीनं त्यांच्या शेजारी गेले. सहायकानं मोबाइल वर धरला.

"फोटो निधी आल्यावर, साहेब," हीना म्हणाली आणि साखराबाईंना घेऊन बाहेर पडली.