बेताचं काम

रेल्वेच्या डेपोत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी: चाकांच्या लेथवरचे काका आपली विद्या कुणाला देत नाहीत. धनावर नाग बसावा तसे यंत्रावर बसून आहेत. कुणी शिकायला आलं की अर्धं सांगतात, अर्धं गिळतात, लेथची किल्ली उशाखाली घेऊन झोपतात आणि वर साहेबांपुढे मान हलवून म्हणतात, "काय करणार, कुणाला जमतच नाही." हे सांगताना डेपोचा पेंटर मानही हलवून दाखवतो. चुकीची हलवतो. काकांची मान डावीकडून सुरू होते.

खरी गोष्ट वेगळी आहे. किल्ली यंत्राशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टोपीला लागेल इतकी उघड. आणि काकांनी अकरा वर्षांत तीन माणसं तयार केली. पहिला शिकला आणि बढती घेऊन गेला. दुसऱ्याला शेजारच्या डेपोने एका महिन्यासाठी उसना नेला, तो महिना सहा वर्षं चाललाय. तिसरा शिकून तयार झाला त्याच आठवड्यात मुख्य कारखान्याने उचलला. शिकलेला माणूस कुणालाही हवाच असतो. शिकवणारा तेवढा मागे राहतो, कारण तोही गेला तर यंत्र चालवणार कोण?

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. रेल्वेच्या कॉलनीत आमच्या पलीकडच्या इमारतीत एका खोलीत राहतात आणि संध्याकाळी आमच्याकडे जेवतात. काकू पाच तासांवरच्या गावात सरकारी इस्पितळात नर्स आहे. त्यामुळे दोघांचा संसार अकरा वर्षं रविवारचाच. शनिवारच्या गाडीने जायचं, रविवारच्या गाडीने परतायचं, मधल्या वेळात गळके नळ दुरुस्त करायचे, आठवडाभराचं बोलायचं आणि वेळ उरलाच तर भांडायचं. "भांडण नेहमी अर्धं राहतं," काका म्हणतात. "स्टेशनवर येऊन पूर्ण करावं लागतं. लोक बघतात."

बदलीचा अर्ज दरवर्षी जातो आणि दरवर्षी तोच शेरा घेऊन परत येतो. हेडक्लार्क तो नाकातून वाचून दाखवतात, जणू पहिल्यांदाच वाचतायत: "पर्यायी कर्मचारी तयार होताच सोडण्यात यावे." मग चष्मा काढून म्हणतात, "तसा अनुकूलच आहे हो शेरा."

यंदा मात्र काकूच्या गावातल्या छोट्या शेडमध्ये एक जागा रिकामी झाली. महिनाअखेरपर्यंत कुणी हजर झालं तर ठीक, नाहीतर जागाच रद्द. काकांची नोकरी अडीच वर्षं उरलेली. ही जागा गेली तर मग निवृत्त होऊनच घर.

लेथ आहे जमिनीखाली. वर रूळ, रुळांवर अख्खा डबा उभा, आणि खाली पुरुषभर खोल खड्ड्यात काका. ब्रेक लागून लागून चाक एका जागी सपाट झालं की डबा धावताना ठकठक करतो. तसा डबा इथे आणायचा, चाक जागच्या जागी फिरवायचं आणि धारेने कातून पुन्हा गोल करायचं. दिवसभर खड्ड्यातून काकांना वरच्या जगाचं एवढंच दिसतं: डब्याचं पोट आणि माणसांचे बूट. डेपोचे साहेब म्हणजे करकरणारे तपकिरी बूट. हेडक्लार्क म्हणजे घासत येणाऱ्या चपला. एकदा बाजारात साहेब समोर आले तर काकांनी आधी खाली बघितलं आणि मग नमस्कार केला.

यंत्र जवळजवळ डेपोच्याच वयाचं, आणि लबाड. त्याचा काटा सकाळी अर्धा मिलिमीटर कमी दाखवतो आणि तापल्यावर शहाणा होतो. म्हणून काका शिकवतात ते असं: "काट्याचं ऐकून घ्यायचं. वडीलधारं आहे. पण विश्वास सालीवर ठेवायचा." साल म्हणजे चाकावरून सुटणारी लोखंडाची लांब वेटोळी पट्टी. ती गवती पिवळी निघाली तर काम बरोबर. निळी पडली तर घाई होतेय. तुटक निघाली तर धार गेली.

चौथी शिकायला आली ती एक मुलगी, नवी तंत्रज्ञ. तिला काहीही सांगा, ती म्हणते "चालेल". यंत्राखाली सरपटायचंय? चालेल. हातमोज्यात साल घुसली? चालेल. पण हात असा की आठव्या महिन्यात काका डबा खायला बसले आणि अर्धी पोळी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण यंत्राकडे बघितलेलंच नाही. नुसत्या आवाजावर निर्धास्त जेवतोय.

त्यातच डेपोला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. झाडांच्या बुंध्यांना रंग, रुळांच्या बाजूला चुना, सभेसाठी खुर्च्या. खूप वरून मोठे साहेब येणार आणि डेपोचं पुढे काय हेही सांगणार. एके दिवशी तपकिरी बूट खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबले.

"म्हणजे काय की," डेपोचे साहेब वाकून म्हणाले. त्यांचं कुठलंही वाक्य याशिवाय रुळावर येत नाही. "म्हणजे काय की, त्या दिवशी प्रात्यक्षिक ठेवू. पोरीने मोठ्या साहेबांपुढे एकटीने एक चाक कातलं, की पर्याय तयार. म्हणजे काय की, तिथल्या तिथे तुमच्या अर्जावर सही."

"बरं," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग?"

"मग काय? सुटलात."

त्या संध्याकाळी काका आमच्याकडे जेवायला बसले. भात कालवला, विस्कटला, पुन्हा कालवला. वडिलांनी विचारलं, "आता काय झालं? आनंदाची गोष्ट आहे ना?"

"प्रात्यक्षिक चांगलं झालं पाहिजे," काका म्हणाले. "पण फार चांगलं झालं तर तिला उचलतील."

"आणि वाईट झालं तर?"

"तर पर्याय तयार नाही. मी इथेच."

"मग?"

"बेताचं झालं पाहिजे. पास व्हावं, पण डोळ्यांत भरू नये."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या मुलीला बेताचं काम शिकवायला घेतलं. आयुष्यात असा धडा कुणी दिला नसेल. "हे बघ, शेवटचा हात फिरवतेस ना, तो फिरवू नकोस. जरा खरबरीत राहू दे. मापात बसतंय ना? बास."

"चालेल," ती म्हणाली आणि शेवटचा हात फिरवला.

"अगं, नको म्हटलं ना."

"हो हो. पण काका, ते तसंच ठेवलेलं बघवत नाही."

तीन वर्षांपूर्वी तिसऱ्याला हेच वाक्य काकांनी ओरडून शिकवलं होतं. आता ते शहाणं होऊन परत त्यांच्याच अंगावर आलं होतं.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "यंदा तुम्ही सुटणार. पैज लावा."

"लाव. मी म्हणतो, नाही सुटणार."

"का पण? तिला सगळं समजावलंय ना तुम्ही?"

"समजावलंय. पण त्या पोरीला वाईट काम येत नाही."

"बेताचं येईल."

"बेताचंही येत नाही. मीच शिकवलं नाही." मग म्हणाले, "मी हरलो तर काकूला फोन मी करीन. तू हरलीस तर तू करायचास. माझ्या आवाजात. एरवी कॉलनीभर माझी नक्कल करत फिरतेस, एकदा कामाला येऊ दे. माझ्याच्याने चौथ्यांदा तिला 'सुटलो नाही' हे सांगवणार नाही."

मी हसत हसत हातावर हात मारला.

समारंभाला डेपोतल्या लोकांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. आम्ही कठड्यामागे उभे होतो. खाली खड्ड्यात ती मुलगी यंत्रापाशी, आणि काका दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून. हात पुढे असते तर आपोआप कळीकडे गेले असते. वर काठावर बुटांची रांग लागली. मधले काळे, इतके चकचकीत की त्यांत डब्याची चाकं दिसत होती. ते मोठे साहेब.

चाक फिरू लागलं. काटा नेहमीप्रमाणे खोटं बोलला. मुलीने तो वाचला, मनात अर्धा मिळवला आणि धार लावली. साल सुटली. गवती पिवळी, न तुटता, खाली वेटोळ्यांवर वेटोळी घालत गेली. काकांनी डोळे मिटून घेतले. आवाजावरूनच कळत होतं. कुठे एक कुरकुर नाही. ते मनातल्या मनात म्हणत होते, थांब, आता थांब, एवढ्यात थांब. शेवटचा हात उरला तेव्हा ते हळूच खाकरले. ठरलेली खूण होती.

मुलीने मागे वळून बघितलं. तिलाही त्या जागेचं, काकूचं, महिनाअखेरचं सगळं माहीत होतं. ती पुन्हा चाकाकडे वळली. क्षणभर तिचा हात कळीवर तसाच थांबला. मग तिने शेवटचा हात फिरवला.

तपासनीस माप घेऊन खाली उतरला. एकदा लावलं, चष्मा पुसून पुन्हा लावलं. "चूक शून्य," तो म्हणाला आणि मापाकडेच संशयाने बघू लागला.

"एक मिनिट, एक मिनिट," वरून मोठे साहेब म्हणाले. त्यांना कुणी अडवलेलं नसलं तरी ते हे म्हणतातच. "हे या जुन्या यंत्रावर? एक मिनिट. कुणी केलं?"

काकांना चेहरा दिसत नव्हता. बूट दिसत होते. ते आधी यंत्राकडे होते. मग टाच न उचलता, हळूच, मुलीकडे वळले. तपकिरी बूटही पाठोपाठ वळले. काकांना पुढचं ऐकायची गरज उरली नाही.

सभेत सगळं जाहीर झालं. नदीपलीकडे नवा डेपो होतोय, स्वयंचलित यंत्रं येणार, आणि तिथली पहिली तुकडी घडवायला असेच हात हवेत, म्हणून ही मुलगी पहिल्या तारखेपासून तिकडे. जुना डेपो चार वर्षांनी बंद. "तोपर्यंत, एक मिनिट, तोपर्यंत हे ऐतिहासिक यंत्र आपल्या अनुभवी हातांत सुरक्षित आहे." टाळ्या. अनुभवी हात तेव्हा चहाचा कप धरून तिसऱ्या रांगेत बसले होते.

डेपोचे साहेब जवळ येऊन पुटपुटले, "म्हणजे काय की..." आणि पहिल्यांदाच त्यांना पुढचं वाक्य सापडलं नाही.

ती मुलगी खुर्च्यांमागे येऊन उभी राहिली. डोळे लाल. "काका, मला खरंच... हात थांबला नाही."

"थांबला असता तर कानफटात मारली असती," काका म्हणाले. "पिवळी होती ना शेवटपर्यंत?"

"हो."

"बघितलं नाही मी. डोळे मिटले होते." त्यांची मान डावीकडून हलली. "जा. तिकडे काटा खरं बोलतो म्हणे. सवय व्हायला वेळ लागेल."

मग ते खिळ्यावरची किल्ली काढायला खड्ड्यात उतरले. दुपारच्या पाळीत आणखी एक डबा यायचा होता.

मी पायरीवर बसून काकूला फोन लावला. तिने उचलला. मी घसा खाली नेला, डावीकडून मान हलवली, फोनवर दिसत नाही तरी हलवली, आणि काकांच्या आवाजात म्हटलं, "बरं. मग..."

तिच्या मागे इस्पितळात कुणीतरी पलंग ओढत होतं.

"चांगला जमतो तुला त्यांचा आवाज," ती म्हणाली. "ते कुठायत?"

"खड्ड्यात."

"सांग त्यांना, शनिवारी या. नळ पुन्हा गळतोय."