मोतीरामचा धाविक

२००२चा जानेवारी. आमची कंपनी राजस्थान सीमेवर होती. मी हवालदार, वसमतकडचा. लान्सनायक मोतीराम राठोड औंढ्याजवळच्या तांड्यावरचा. पाचला हत्यारं घेऊन स्टँड-टू, सहाला चहा, सातला तारेच्या कडेने पेट्रोल. तारेपलीकडे आपणच पेरलेले सुरुंग होते.

मेजरसाहेबांना पक्ष्यांचा नाद. पेट्रोलवर दिसेल त्याचा फोटो काढा म्हणून त्यांनी स्वतःचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला होता. वाळवंटातली पाखरं सगळी एका माळेचे मणी, वाळूच्याच रंगाची. मोतीरामचा आणि माझा वाद एकावरच होता. लांब पांढरे पाय, डोळ्यामागे काळा-पांढरा पट्टा. धावतं, थांबतं, पुन्हा धावतं. मोतीराम म्हणे, हा सिद्धेश्वरच्या माळावरचा आपलाच धाविक. साहेबांच्या पुस्तकात मात्र दोन होते. आपल्याकडच्याची छाती तांबूस, पोटाखाली काळं. वाळवंटातला फिकट. मी म्हणे, हा तो. खरं-खोटं करायला पाखरू समोरून दिसायला हवं होतं, आणि ते बेटं कायम पाठ दाखवून पळायचं.

त्या दिवशी ९.२०ला ते दिसलं. मोतीराम पुढे, मी चार पावलं मागे, डोळा कॅमेऱ्यात. सीनियर मी होतो. जमिनीकडे बघणं माझं काम होतं. आदल्या दिवसाच्या वादळात तार वाळूखाली गाडली गेली होती.

"हवालदारसाब, हलू नका," मोतीराम म्हणाला. "सुरुंगाची पाटी आपल्या मागं हाय."

वायरलेस सेटवर कळवलं. उत्तर आलं, "वहीं रुको. इंजिनिअर पार्टी रवाना. ओव्हर." दोन तास तरी लागणार होते, आणि वारा वाढत होता. मी घट्ट जमिनीवर होतो, माझे ठसे अजून दिसत होते. तो भुसभुशीत वाळूत होता.

"आमच्या तांड्याचे बैल नदी उतरायचे ना, खुरावर खूर ठेवून? तसे मागं सरका," तो म्हणाला.

"आणि तू?"

"माझे ठसे मिटले. दोघांनी काहून अडकून राहायचं? निघा तुमी."

आल्या पावली मी मागे आलो. चौदा पावलं. पाटीबाहेर आल्यावर लाज वाटली आणि सुटल्याचं बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

११.०५ला पाखरू आपणहून परत आलं. मोतीरामजवळ थांबलं आणि आमच्याकडे तोंड करून उभं राहिलं.

"काढा आता," तो मान न वळवता म्हणाला. मी एकच फोटो काढला.

इंजिनिअर ११.४०ला आले. पोटावर पडून, सळईने वाळू टोचत, वीत-वीत वाट मोकळी करू लागले. मोतीराम ९.२०पासून त्याच दोन पावलांवर उभा होता.

"पाय बधिर होऊन राहिला, साब."

"थोडंच राहिलंय, मोतीराम."

खरंच थोडं राहिलं होतं, दोन हात. १२.३०ला त्याचा गुडघा वाकला आणि पाऊल बाजूला पडलं, सुरुंगावर.

त्याने अँब्युलन्समध्येच प्राण सोडला. डोकं माझ्या मांडीवर होतं.

रजेवर आलो तो आधी तांड्यावर गेलो. त्याचे वडील शेळ्यांना पाला टाकत होते. काय सांगायचं ते मी एसटीतच ठरवलं होतं. फोटो त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "आमचा वाद होता. तुमचा मोतीराम बरोबर निघाला. हा आपल्याच माळावरचा धाविक."

म्हाताऱ्याने फोटो उजेडाकडे धरला. उभा जन्म त्या माळावर गुरं राखण्यात गेलेला.

"छाती फिक्कट हाय. पोटाखाली काळं न्हाई," ते म्हणाले. "ह्यो आपला न्हाई. काहून खोटं बोलून राहिला, साब?"

त्यांचं बोट फोटोच्या कडेला सरकलं. तिथे वाळूवर एक सावली पडली होती, ताठ उभी.

"ही कोणाची?"

"मोतीरामची."

त्यांनी धोतराच्या सोग्याने फोटो पुसला आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

"ही आपली हाय," ते म्हणाले.