न चाखलेलं सूप

कोरियन जेवणाबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि ते ऐकीव माहितीवर बेतलेलं नाही. सिंगापुरात, क्लेमेंटी भागातल्या एका फूडकोर्टात कोरियन जेवणाच्या स्टॉलवर मी सव्वा वर्ष काम केलं आहे. तिथे काय शिजतं आणि पोरंपोरी ते कोणत्या भक्तिभावाने खातात, हे मी रोज सकाळी नऊ ते चार उभ्याने पाहिलेलं आहे.

विद्यापीठ जवळ असल्यामुळे गिऱ्हाईक मुख्यतः विद्यार्थ्यांचं. त्यांच्या आवडीनिवडी मला तोंडपाठ झाल्या होत्या. पहिला मान किमचीचा. कोबीला मीठ-मिरची चोळायची, तो आंबून आंबून नाक मुरडायला लावील इथवर थांबायचं आणि मग त्या वासाला परंपरा म्हणायचं. दुसरी टोकबोकी. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या कांड्या, त्या लाल गोडमिट्ट रश्शात पोहत असतात. तांदळाच्या पिठाचे आमच्याकडे मोदक होतात, घावन होतात. यांच्याकडे त्याचं रबर होतं, आणि ते चघळत पोरी एकमेकींना डोळे मिटून दाखवतात. मग गिंबाप, म्हणजे शेवाळाच्या काळ्या कागदात गुंडाळलेला गार भात. गार भात आमच्याकडे दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकतात, त्याचे फोटो काढत नाहीत. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे बिबिंबाप. भातावर पाच भाज्यांची रांगोळी काढायची, मधोमध अंडं ठेवायचं, ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, आणि त्याने चमचा घालून सगळं कालवून टाकायचं. कालवायचंच होतं तर सकाळपासून मी गाजराच्या काड्या कशासाठी चिरत होते, हे मला कुणी सांगितलं नाही.

राहता राहिला भात. तो मात्र नीट असे. मी रत्नागिरीकडची. दोन्ही वेळा भात खाल्ला नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही, पोळी ही पाहुण्यांसाठी. कोरियन लोकांचंही तसंच आहे. पानात दहा वाट्या असोत, भात नसला तर ते जेवण नव्हे. एवढी एक अक्कल त्यांना आहे, हे मी तेव्हाही मान्य करत असे.

तिथे मी कशी पोचले, तर कंटाळून. नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर, चार-चार महिने समुद्रावर. मुलगा शिकायला ऑस्ट्रेलियात गेला आणि फ्लॅटमध्ये मी आणि फ्रीज उरलो. आमच्या मराठी बायकांचा एक ग्रुप होता, पण तिथे कुणाच्या कॉन्डोला किती स्विमिंग पूल आहेत याच्या पलीकडे विषय जात नसे. मी काम धरल्यावर त्यातली एक म्हणाली, "टाइमपास म्हणून ठीक आहे गं." जी बाई गेली दहा वर्षं टाइमपासशिवाय दुसरं काही करत नव्हती, तिने मला हे सांगावं.

स्टॉलची मालकीण सत्तरीची कोरियन बाई होती, माझ्या खांद्याला लागेल एवढी. सिंगापूरच्या माणसाशी लग्न करून तरुणपणी इथे आली, तो वारला, आणि मग वीस वर्षं तिने एकटीने हा स्टॉल चालवला. इंग्रजी मोजून पन्नास शब्दांचं. एक मुलगी होती, शहरात मोठ्या ऑफिसात, ती आईच्या मागे लागली होती की आता पुरे, बंद कर. हे बाईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "डॉटर से क्लोज. आय से नो." मग दोन्ही हात माझ्यासमोर धरून म्हणाली, "होम, डू व्हॉट?" घरी बसून करू काय, याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं, म्हणून तर मी तिथे उभी होते.

पहिल्या आठवड्यात तिने मला भात लावायला सांगितला. मी आपला छान लावला. चवीला मीठ, चमचाभर तेल, वर लिंबाचे चार थेंब, शीत न् शीत मोकळं. तिने झाकण उघडलं, कालथ्यावर थोडा भात घेऊन बोटांनी दाबून पाहिला आणि अख्खं भांडं कचऱ्यात ओतलं. आमच्याकडे पानात चार शितं राहिली तरी ऐकून घ्यावं लागे. त्या दिवशी मी ठरवलं, ही बाई उद्धट आहे, आणि एकदा ठरवलं की मी ते बदलत नाही. त्यानंतर मी तिला हवा तसा, गोळा होणारा, अळणी भात लावू लागले. तिच्या जेवणाशी आणि तिच्याशी माझा संबंध तेवढाच, असं मी मानून चालले.

खरी गंमत सुपाची होती. तिची प्रत्येक आमटी एकाच रश्शावर उभी असे. सुकवलेले बारके मासे आणि शेवाळाची पट्टी पाण्यात उकळायची, पाण्याला रंग आला की मासे चाळणीने काढून फेकून द्यायचे आणि पाणी ठेवायचं. ही आमची सुकटच की. आमच्या गावात सुकट फेकून पाणी ठेवणारी सून आली असती, तर माहेरी परत पाठवली असती. मी रोज सकाळी ते मासे कचऱ्यात जाताना बघत असे आणि मनातल्या मनात हसत असे.

साडेदहाला रस्सा तयार झाला की बाई त्यात मुळा, मीठ, सोयाचं पाणी घालून सूप करायची. मग एका स्टीलच्या वाटीत थोडं काढायची, वाटी दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे करायची आणि म्हणायची, "टेस्ट."

आता एक सांगायला हवं. आमच्या घरी स्वयंपाक करताना चाखत नाहीत. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं. मीठ हाताला कळायला हवं, तिखट नाकाला. चाखून चाखून रांधते ती सुगरण नव्हे, हावरी, असं माझी आई म्हणायची. पन्नाशी उलटेपर्यंत मी कधी कढईतलं चमच्याने जिभेवर घेतलेलं नाही, आणि माझ्या हातचं मीठ कधी चुकलेलं नाही. तेव्हा ही सत्तरीची बाई रोज माझ्यापुढे वाटी धरते, याचं मला हसू येई. वीस वर्षं स्टॉल चालवते आणि हिला स्वतःच्या मिठाचा भरवसा नाही.

मी वाटी घ्यायची. बेसिनकडे वळायची. ओठ लावल्यासारखं करायची आणि ओतून टाकायची. मग वळून म्हणायची, "ओके."

देवाचं कारण मी स्वतःला सांगत असे. पण फूडकोर्टात कुठला आलाय नैवेद्य. मासे मी खाते, तेही कारण नव्हतं. मला ते प्यायचं नव्हतं एवढंच. फेकलेल्या सुकटीचं पाणी पिऊन मी त्या बाईला शाबासकी द्यावी, हे मला कमीपणाचं वाटत होतं. ती मात्र "ओके" ऐकल्यावरही थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राही. मला वाटे, हिला आणखी कौतुक हवंय. एवढं वय झालं तरी बाईची हौस फिटत नाही, असं मी फोनवर नवऱ्यालाही सांगितलं होतं.

तीन वाजता गर्दी ओसरली की आम्ही दोघी मागच्या टेबलाशी जेवायला बसत असू. मी त्यांचा अळणी भात घ्यायची आणि त्यावर डब्यातलं मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. ती नुसता भात घ्यायची. बरोबर गरम पाणी. किमची नाही, सूप नाही, काही नाही. सावकाश, एकेक घास बराच वेळ चावत. स्वतः शिजवलेलं हिला स्वतःलाच जात नाही, मग पोरांना काय म्हणून घालते, असं मला वाटे. एकदा मी लोणच्याची फोड तिच्या भातावर ठेवली, तिखटजाळ. म्हटलं, बघू तोंड कसं करते. तिने ती शांतपणे खाल्ली, मान हलवली आणि पुढचा घास घेतला. अगदी दगड आहे, असं मी ठरवून टाकलं.

पुढे काही महिन्यांनी ताटं परत येऊ लागली ती अशी, की भाताची वाटी चाटून पुसून स्वच्छ आणि सूप तसंच. मी म्हटलं, पोरांना अखेर अक्कल आली. समोरच्या ड्रिंक्स स्टॉलवरच्या म्हाताऱ्या अंकलने एक दिवस मला हाक मारून सांगितलं, "आंटी, युवर सूप व्हेरी सॉल्टी, लाह." जो माणूस दिवसभर कंडेन्स्ड मिल्क ओतून कॉफी विकतो, त्याने मला चवीच्या गोष्टी सांगाव्यात. मी म्हटलं, "कोरियन सूप इज लाइक दॅट." त्याने खांदे उडवले. मी बाईला त्यातलं काही सांगितलं नाही. दुपारची रांग आधी निम्मी झाली, मग चार-पाच माणसांवर आली. बाकीची पोरं शेजारी चिकन राइसच्या रांगेत उभी दिसू लागली. बाई काउंटरवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभी राही. सकाळी वाटी पुढे करताना तिचे हात आता जास्त वेळ तसेच पुढे असत. मी ओके म्हणत राहिले.

एका शनिवारी तिची मुलगी आली. कुणीतरी इंटरनेटवर स्टॉलबद्दल वाईट लिहिलेलं तिने वाचलं होतं. आल्या आल्या तिने वाटीभर सूप घेतलं, एक घोट प्यायली, आणि तोंड पुसत आईकडे बघू लागली. दोघी कोरियनमध्ये बोलल्या. बाई हळू बोलत होती आणि मध्येमध्ये माझ्याकडे बोट दाखवत होती. मग मुलगी माझ्याकडे वळली आणि इंग्रजीत बोलली. अतिशय सभ्य आवाजात बोलली, हे सांगायला हवं.

मी कामाला लागण्याच्या आधी तिच्या आईला मोठा ताप आला होता. त्यानंतर तिची चव गेली आणि वासही गेला. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, परत येईल किंवा येणार नाही. मुलगी तेव्हाच स्टॉल बंद करायला निघाली होती. आई म्हणाली, हाताला अंदाज आहे, फक्त सांगणारं कुणी हवं, मी एक बाई ठेवते. "नंतर मला फोनवर म्हणाली, भारतातली बाई मिळाली आहे. मसाल्यात वाढलेली. तिची जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे. मी दर रविवारी विचारायचे, सूप कसं आहे? ती सांगायची, माझी बाई रोज चाखते, रोज ओके म्हणते." मग तिने मला विचारलं, "तुम्हाला खारट लागलं नाही का?"

हे मला आईने सांगितलं असेल, असं मुलीला वाटलं होतं. आईला वाटलं असणार, रोज वाटी पुढे करते आहे, आणखी काय सांगायचं. स्वयंपाकीण म्हणून मिरवणाऱ्या बाईने परक्या बाईला कसं सांगावं की मला चव कळत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही सांगितलं नसतं.

खोटं बोलायची सोय होती. मला वाटलं तुमचं सूप असंच असतं, एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. मी म्हटलं, "मी चाखलंच नाही. एकदाही नाही."

मुलीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. बाईला मात्र कळलं. तिने भांड्यातून वाटी भरली आणि नेहमीसारखी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "टेस्ट," म्हणाली.

मी प्यायले. तोंडात धरवेना इतकं खारट होतं. पण गिळलं तेव्हा खाली मुळ्याचा गोडवा होता आणि सुकटीचा तो ओळखीचा वास, आणि मला कळलं की पाणी ठेवून मासे फेकणारी माणसं मूर्ख नाहीत. हे कळायला मला एक घोट पुरला असता, पहिल्या दिवशी.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली. "नो. टू मच सॉल्ट."

तिने कमरेतून वाकून मला थँक्यू म्हटलं. मी तिच्या हाताखालची बाई. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्या मला घेता आल्या असत्या.

मग ती भराभर कामाला लागली. सूप अर्धं काढलं, रस्सा घातला, पुन्हा वाटी भरली, पुन्हा मला दिली. तिसऱ्या वाटीला मी मनापासून ओके म्हटलं. ती मुलीकडे वळून कोरियनमध्ये घाईघाईने काही सांगू लागली, माझ्याकडे हात करून, आणि न सांगताही मला समजत होतं. बघ, आता ही चाखते आहे. आता अडचण नाही.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. आईच्या पाठीवर हात ठेवला. उत्तर मात्र मला समजावं म्हणून तिने इंग्रजीत दिलं. "आई, ती आज ओके म्हणाली. कालही ओकेच म्हणाली होती."

बाई माझ्याकडे बघत राहिली, मी काही म्हणेन म्हणून. मी वाटी धुवायला बेसिनकडे वळले. महिनाअखेरीला स्टॉल बंद झाला.