बाबांनी दाखवलेली ओल

बाबा खाणीत फोरमन होते. जयपूरहून काही तासांवर कंपनीनं वसवलेलं ते गाव. क्वार्टर, दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी, सगळं कंपनीचं. तिथं घर कुणी विकत घेत नसे, कारण विकायला ते कुणाचं नव्हतंच. क्वार्टर सोडताना भिंतीतल्या भोकांचे पैसे कापतात म्हणून आईनं उभ्या संसारात एक खिळा ठोकला नाही. आजीचा फोटो कपाटावर टेकून उभा असायचा आणि पंखा लावला की तोंडावर पडायचा. आपलं घर म्हणजे आईच्या लेखी खिळा ठोकता येईल अशी भिंत.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. माझी नोकरी जयपुरात, म्हणून खातीपुऱ्यात एक जुनं बैठं घर पाहिलं. आई पाहताक्षणी हरखली. कर्ज माझ्या नावावर होतं, पण आधी बँकेचा माणूस येऊन घराची किंमत ठरवणार होता. त्यानं कमी लावली तर कर्ज कमी आणि घर हातचं जाणार. हे मी बाबांना नीट समजावलं होतं.

तो माणूस टेप आणि मोबाइल घेऊन आला. बाबा शर्टाचं वरचं बटण लावून पुढं झाले आणि भिंतीवरची ओल दाखवू लागले.

"साहब, यहाँ सीलन है। ये फर्श देखिए, बैठ गया है।"

बाथरूमचा उतार उलटा आहे हे दाखवायला त्यांनी मगभर पाणीसुद्धा ओतलं. तो खुशीत फोटो काढत होता. घरमालकाचा चेहरा पडला.

"भाईसाहब, आप मकान ले रहे हैं या तुड़वा रहे हैं?"

कंपनीच्या गावात दरवर्षी तपासणीला साहेब यायचा. जो ओल लपवी, त्याच्या पगारातून दुरुस्तीचा खर्च पुढं वसूल व्हायचा. शहाणा माणूस स्वतःच सगळं दाखवून मोकळा होई. बाबांनी जन्मभर तेच केलं होतं. टेपवाला दिसला की त्यांचं बोट आपोआप भेगेकडं जायचं.

"काऊन सांगत बसले तुम्ही? त्याले डोळे नव्हते काय?" आई आमच्या मूळ चंद्रपूरच्या सुरात कडाडली.

"नंतर आपल्याच अंगावर येते नं," बाबा म्हणाले.

किंमत कमीच लागली. मी चिडूनच घरमालकाला नाही कळवलं. आई बाबांशी बोलेना. सामान बांधायचंही तिनं थांबवलं.

मग एका सकाळी घरमालकाचाच फोन आला. दुसरं गिऱ्हाईकही बँकेचं कर्ज काढूनच येणार, पुन्हा हीच तपासणी होणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो भाव उतरवायला तयार होता. बाबांनी चहा पीत नुसती मान हलवली, जणू सगळं ठरवूनच केलं होतं. त्याचाही मला रागच आला.

राहायला गेलो त्या दिवशी आईनं आधी हातोडी शोधली. ओल आलेल्या भिंतीवरच तिनं खिळा धरला.

"अवं, भोक पडन!" बाबा खरंच घाबरले.

तिनं घाव घातला. गिलाव्याचा मोठा पोपडा सुटून फरशीवर आदळला. बाबांनी चटकन दाराकडं पाहिलं, कुणी येतंय का म्हणून.

"पडू द्या," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आता कोणाले वापस द्यायचं हाय?"