गायरानाला घातलेलं कुंपण

नगरच्या मुलींच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. आमच्या खेळाच्या बाई दर हिवाळ्यात मुलींना भंडारदऱ्याला न्यायच्या. तिथं पाण्याच्या कडेला एका गावाचं गायरान होतं. तंबू ठोकायचे, तीन दगडांची चूल मांडायची. कुणी अडवायचं नाही, भाडं मागायचं नाही. त्या वर्षी मीही बरोबर गेले, तर सगळ्या गायरानाला करवंदीच्या काट्यांचं कुंपण.

तंबूची गाठोडी खाली ठेवतोय तोच हातात कोयता घेतलेली गावातली एक बाई आली.

"हितं न्हाई राहायचं."

"का हो, मावशी?" बाईंनी विचारलं.

"चला, दावते."

तिच्या गोठ्यात गाय बसून होती. पुढच्या पायाला हळद लावून फडकं गुंडाळलेलं. जीपमधून आलेल्या लोकांनी गायरानात बाटल्या फोडल्या होत्या. काच खुरात शिरून पाय पिकला होता. "पाव्हणं म्हनून कदी कुनाला न्हाई म्हनलं न्हाई आमी," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मला तेच जास्त लागलं.

मला वाटलं, बाई आता शाळेचं नाव पुढं करतील. त्या गायीपाशी उकिडव्या बसल्या, पाय बघितला आणि म्हणाल्या, "कुंपण घातलंत ते बरोबर केलंत. आज आम्हाला देवळात टेकू द्या. उद्या गायरान साफ करतो. मग राहू द्यायचं का नाही, तुम्ही ठरवा."

देवळाकडे जाताना मी हळूच म्हटलं, "बाई, मुलींच्या घरचे काय म्हणतील? सहलीला नेऊन घाण उचलायला लावली म्हणतील."

"मग मुलींनाच विचारू की," त्या म्हणाल्या, आणि खरंच विचारलं. गाय बघून आलेल्या मुली. एकीनंही नाही म्हटलं नाही.

सकाळी हातांना गोणपाटाचे तुकडे बांधून आम्ही कामाला लागलो. बाटल्यांच्या काचा, माशांचे गंजके डबे, उष्ट्या पत्रावळी, कुणाची तरी तुटकी चप्पल. बाई सगळ्यांत पुढं, पदर खोचून. काठाच्या चिखलातली काच त्या कुणालाच काढू देईनात, स्वतः काढत होत्या. मावशी बराच वेळ बांधावरून बघत उभी होती. मग टोपली घेऊन खाली उतरली आणि बाईंच्या शेजारी चिखलात हात घातला.

ऊन कलल्यावर मावशीनं एका जागचे काटे ओढून वाट केली. "तुमी राहा," ती म्हणाली. "पर कुंपन काडनार न्हाई. दुसऱ्यांचा भरवसा न्हाई."

"नकाच काढू," बाई म्हणाल्या.

दोन दिवस आम्ही तिथं राहिलो. मावशीनं तांदळाच्या भाकऱ्या आणून दिल्या. त्यानंतर बाहेरच्यांना ते गायरान बंदच झालं, असं कानावर आलं. मला त्यात गावाचं काही चुकलं असं वाटलं नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टर आम्ही भरून आणलेली काचांची पोती बघून वैतागला. "कचरा घिऊन कुटं चालल्या, बाई?"

"नगरला. ज्यांनी टाकला ते न्यायला विसरले," बाई शांतपणे म्हणाल्या. तो हसला आणि स्वतःच टपावर चढून पोती ओढून घेऊ लागला. अकोलं यायच्या आत बाईंना बसल्या जागी गाढ झोप लागली होती. त्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. शेजारी बसलेली मुलगी, त्यांचं डोकं खिडकीवर आपटू नये म्हणून, मधे आपला हात धरून बसली होती.