टेबल सरांची बदली

टेबल सर जूनमध्ये पंखा लावू देत नसत. पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ते घामाघूम होऊन बसत आणि समोरच्या पुठ्ठ्यावर सहाशेवर चिठ्ठ्या मांडलेल्या असत: कोणता वर्ग, कोणता तास, कोणते शिक्षक. एक चिठ्ठी हलवली की अकरा हलवाव्या लागत. शाळेचं टाइमटेबल तेच बसवायचे, म्हणून मुलांनी दिलेलं हे नाव.

प्रयोगशाळा एकच, इंग्रजीचे सर आठवड्यातून तीनच दिवस, चित्रकलेच्या बाईंना तीनची एसटी. टेबल लागलं की सगळे चुका शोधायला धावत. सर म्हणायचे, "तपासायला पाच मिन्टं, बसवायला पंधरा दिवस."

आमची शाळा शिरूर तालुक्यात, पाबळच्या अलीकडे. त्यांच्या पत्नी मात्र दौंडला नर्स. शनिवारची सकाळची शाळा सुटली की सर शिरूरला जाऊन दौंडची गाडी धरत. आमच्याच संस्थेची शाळा दौंडलाही होती. नऊ वर्षं त्यांनी बदलीचा अर्ज केला. हेडसरांचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही गेलात तर टेबल कोण करणार?"

"मुद्दाम एखादा घोळ का नाही ठेवत?" मी एकदा विचारलं.

"ठिवला हुता, मॅडम. एका वर्गावर दोन मास्तर. घंटेआधी जाऊन मीच काढला. ऱ्हावलं न्हाई."

मी तिथे नवी, कॉम्प्युटर शिकवणारी. म्हटलं, प्रोग्राम लिहिते, तुम्ही सुटाल. चार वर्गांचं टेबल क्षणात आलं. चौदा वर्ग घातले, तर प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत मशीन नुसतं चालत राहिलं. तीन दिवस हेच. शेवटी पुण्याच्या माझ्या प्राध्यापकांना फोन केला. ते हसले. जे चटकन तपासता येतं ते चटकन शोधताही येईल का, हे जगात कुणालाच ठाऊक नाही, म्हणाले; येतं असं कुणी दाखवलेलं नाही, आणि येणारच नाही असंही कुणी दाखवलेलं नाही.

मी सरांना हे सांगितलं. त्यांनी हातातली चिठ्ठी पुठ्ठ्यावर ठेवली.

"न्हाई म्हणून तरी सांगायचं हुतं कुणी," ते म्हणाले. "म्हंजी माणूस उठून गेला असता."

त्याच जूनमध्ये त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन ठरलं. हेडसर म्हणाले, "आधी टेबल, मग रजा." सर पोचले तेव्हा पत्नीला शुद्ध येऊन दोन दिवस झाले होते. चित्रकलेच्या बाईंची एसटी मात्र चुकली नव्हती.

दुसऱ्या सत्रासाठी त्यांनी बसवलेलं नवं टेबल हेडसरांनी बघायच्या आत मी टाइप केलं, प्रिंट काढली आणि हेडसरांपुढे ठेवली. "हे कॉम्प्युटरनं केलं, सर. आता दरवर्षी तोच करेल." त्यांनी तपासलं. चूक सापडेना. बदलीच्या अर्जावर त्यांनी सही केली.

निघताना सर स्टँडवर म्हणाले, "खोटं बोलला तुम्ही. आता तुम्ही अडकला."

"जा हो सर, गाडी लागलीय."

पुढच्या जूनमध्ये त्यांचा शाळेत फोन आला. "काय म्हणतोय कॉम्प्युटर?"

"चाललंय."

"येऊ का दोन दिस?"

तेवढ्यात फोनमध्ये मागून त्यांच्या पत्नीनं त्यांना जेवायला हाक मारली. मी नको म्हटलं आणि फोन ठेवला. समोरच्या पुठ्ठ्यावर नववी ब चा गुरुवार अजून बसत नव्हता.